एका जनुकाची मजल : एरो मँटिरांटा यांचं प्रकरण

१९६४ च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या शर्यती इन्सब्रुकजवळच्या सीफेल्डला झाल्या. पहिली शर्यत ३० किलोमीटरची. फिनलंडचे एरो मँटिरांटा पहिले आले, नॉर्वेचे हाराल्ड ग्रोनिंगेन दुसरे, आणि दोघांत एक मिनिटाहून जास्त अंतर. पुढची शर्यत १५ किलोमीटरची. पुन्हा मँटिरांटा पहिले, पुन्हा ग्रोनिंगेन दुसरे, या वेळी अंतर ४०.७ सेकंदांचं. आकडा नुसता वाचला तर फारसं काही वाटत नाही. पण त्याच शर्यतीत दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे पाच जण एकमेकांपासून २० सेकंदांच्या आत होते. जगातले उत्तमोत्तम स्कीपटू एका घोळक्यात, आणि हा एक माणूस त्यांच्या कितीतरी पुढे. लोक त्यांना ‘मिस्टर सीफेल्ड’ म्हणू लागले ते तेव्हापासून.

ही आघाडी कुठून आली, याचा मोठा दुवा जवळजवळ तीस वर्षांनी प्रयोगशाळेत सापडला. खेळ आणि आनुवंशिकता यांचा विषय निघाला की हे प्रकरण हमखास सांगितलं जातं, पण बहुतेक वेळा अर्धंच: जनुकात बदल, त्यामुळे रक्तात जादा ऑक्सिजन, म्हणून सुवर्णपदकं. उरलेला अर्धा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. जनुक माणसाला कुठवर नेतं आणि कुठे सोडून देतं, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणं फार थोडी आहेत.

आधी माणूस. मँटिरांटा यांचा जन्म १९३७ चा, फिनलंडच्या उत्तरेकडच्या पेल्लो भागातल्या लांकोयार्वी गावातला. स्वीडनची सीमा जवळ, आर्क्टिक वृत्ताच्या लगतचा प्रदेश. वर्षातला मोठा काळ बर्फाचा, त्यामुळे स्की हे तिथे खेळाच्याही आधी येण्याजाण्याचं साधन. पुढे ते सीमारक्षक दलात लागले, म्हणजे नोकरीतही स्कीवरून फिरणं सुटलं नाही. १९६० मध्ये स्क्वॉ व्हॅलीला फिनलंडने चार बाय दहा किलोमीटरची रिले जिंकली, त्या संघात ते होते. ती शर्यत नॉर्वेपेक्षा फक्त ०.८ सेकंदाने जिंकलेली होती. ३० किलोमीटरमध्ये १९६२ आणि १९६६ अशी दोनदा त्यांनी जागतिक अजिंक्यपदं मिळवली. ऑलिम्पिक पदकं एकूण सात: तीन सुवर्ण, दोन रौप्य, दोन कांस्य.

आणि संशय. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विलक्षण जास्त आहे, हे कारकिर्दीतच लक्षात आलेलं होतं. पुरुषाच्या दर १०० मिलीलिटर रक्तात साधारण १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असतं. त्यांच्यात ते २० च्या बरंच वर होतं. साहजिकच, हा माणूस रक्तात काहीतरी करून घेतो, अशी कुजबुज सुरू झाली आणि ती त्यांच्यामागे वर्षानुवर्षं राहिली. इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९७२ च्या सुमारास त्यांच्या नमुन्यात ॲम्फेटामाइन सापडलं होतं, आणि त्या काळी बंदी नसलेली हॉर्मोन्स घेतल्याचंही त्यांनी नंतर मान्य केलं. त्यामुळे त्यांना निष्पाप ठरवण्यासाठी हे प्रकरण वापरणं बरोबर नाही. रक्ताच्या बाबतीत मात्र जगाचा संशय चुकीचा निघाला.

तो कसा चुकीचा निघाला, हे पाहण्यासारखं आहे. फिनलंडमधल्या रक्तविकारतज्ज्ञ ईवा युवोनेन आणि आनुवंशिकीतज्ज्ञ आल्बेर द ला शापेल यांनी मँटिरांटा यांच्या कुटुंबाचा अभ्यास हाती घेतला. (याच द ला शापेल यांनी खेळाडू स्त्रियांच्या गुणसूत्रांवरून केल्या जाणाऱ्या लिंगचाचणीवर १९८० च्या दशकात उघड टीका केली होती. ही चाचणी ऑलिम्पिकमध्ये आली १९६८ मध्ये आणि बंद व्हायला १९९९ उजाडलं. शरीरातल्या नैसर्गिक फरकाला खेळाची व्यवस्था किती ढोबळपणे हाताळते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.) कुटुंबातल्या ९७ जणांची तपासणी झाली. त्यांतल्या २९ जणांचं हिमोग्लोबिन खूप वाढलेलं होतं, बाकीच्या ६८ जणांचं नेहमीसारखं. वाढ बाप-लेक, आई-मुलगा अशी सरळ पिढ्यांतून उतरत होती. दोनपैकी एका पालकाकडून बदललेली एक प्रत आली तरी पुरे होती, म्हणजे प्रत्येक मुलात ती येण्याची शक्यता निम्मी.

पहिली शंका साहजिकच ईपीओवर, म्हणजे एरिथ्रोपोएटिन या हॉर्मोनवर जाते. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की मूत्रपिंड ईपीओ सोडतं आणि त्याच्या हुकमाने अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवते. या कुटुंबात ईपीओ जास्त असेल, असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात ते कमी किंवा सर्वसाधारण होतं. मग अस्थिमज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्या, तेव्हा खरी गोष्ट कळली. इतरांच्या पेशी ज्या नाममात्र ईपीओला दाद देत नाहीत, तेवढ्यावर यांच्या पेशी भराभर वाढत होत्या. १९९१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. हुकूम नेहमीएवढाच होता. फरक तो ऐकणाऱ्यात होता.

१९९३ मध्ये नेमकी जागा सापडली. ईपीओ पेशीवरच्या ज्या प्रथिनाला येऊन चिकटतं, त्या रिसेप्टरचं जनुक १९ व्या गुणसूत्रावर आहे. त्यात या कुटुंबात डीएनएचं एकच अक्षर बदललेलं होतं. टीजीजी या तीन अक्षरांच्या जागी टीजीए. टीजीजीचा अर्थ ‘ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जोडा’ असा, आणि टीजीएचा अर्थ ‘इथे थांबा’. त्यामुळे ५०८ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाची शेवटची ७० अमिनो आम्लं बनतच नव्हती. हिमोग्लोबिन वाढलेल्या सगळ्या २९ जणांत हा बदल होता. बाकीच्या ६८ जणांपैकी एकातही नव्हता.

आता गंमत अशी की रिसेप्टरचं टोक तुटल्यावर तो निकामी व्हायला हवा होता. उलट तो जास्त जोमाने चालला. कारण त्या गळालेल्या शेपटीवरच संदेश थांबवण्याची सोय असते. ईपीओ बाहेरून चिकटला की आत साखळी सुरू होते. काही वेळाने एक विकर (एन्झाइम) त्या शेपटीवर येऊन बसतं आणि साखळी तोडतं. शेपूट नसेल तर विकराला बसायला जागा नाही. दिवा लावायचं बटण शाबूत आणि विझवायचं काढून टाकलेलं, असा हा प्रकार. पेशी जेमतेम इशाऱ्यावर कामाला लागते आणि थांबायचं नाव घेत नाही. शरीर आपल्या परीने ईपीओ कमी करून आवर घालू पाहतं, म्हणून तपासणीत ईपीओ कमी दिसतं. पण आवर पूर्ण बसत नाही.

याने खेळात नेमकं काय मिळतं? एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलीलिटर ऑक्सिजन धरतं. १५ ग्रॅम असेल तर १०० मिलीलिटर रक्त २० मिलीलिटर ऑक्सिजन घेऊन जातं. २२ ग्रॅम असेल तर २९ मिलीलिटरच्या पुढे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात तेवढंच रक्त गेलं तरी स्नायूंना सुमारे दीडपट ऑक्सिजन देऊ केला जातो. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये हात, पाय, पाठ, पोट सगळंच एका वेळी राबतं आणि ऑक्सिजनची मागणी कमालीची असते. अशा खेळात स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची ताकद सहसा आधी संपत नाही, तिथवर पोचणारा पुरवठाच आधी अपुरा पडतो. म्हणून हा बदल या खेळाला जितका लागू पडतो तितका भालाफेकीला पडला नसता.

तरी ‘दीडपट ऑक्सिजन म्हणजे दीडपट कामगिरी’ हा हिशेब चूक आहे. १९७२ मध्ये स्वीडनमध्ये एक प्रयोग झाला. स्वयंसेवकांचं रक्त काढून ठेवून त्यांना काही आठवड्यांनी परत दिलं. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ९ टक्क्यांनी वाढली आणि दमेपर्यंत काम करण्याचा वेळ २३ टक्क्यांनी. फायदा खरा आणि मोठा आहे, पण सरळ रेषेत वाढत जाणारा नाही. एका मर्यादेनंतर तर तो उलटतो, कारण तांबड्या पेशी वाढल्या की रक्त दाट होतं आणि ते ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. सर्वसाधारण पुरुषाच्या रक्तात पेशींचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास असतो. हिमोग्लोबिन २२ झालं की तो ६५ टक्क्यांच्या घरात जातो.

इतकं दाट रक्त घेऊन हा माणूस ऑलिम्पिक कसा जिंकला, हा प्रश्न मला या प्रकरणात सर्वांत जास्त खिळवून ठेवतो. उंदरांवरच्या एका प्रयोगातून उत्तराची दिशा दिसते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साध्या उंदरांना औषध देऊन रक्त दाट केलं, तेव्हा पेशींचा वाटा ५८ टक्के असताना त्यांची कामगिरी सर्वोत्तम होती. त्यापुढे ती घसरली. पण जन्मापासूनच जादा ईपीओ बनवणाऱ्या उंदरांमध्ये हाच सर्वोत्तम बिंदू ६८ टक्क्यांवर होता. दाट रक्ताची शरीराला लहानपणापासून सवय असेल तर त्याची सहनशक्ती वेगळी असते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण मँटिरांटा यांच्या कुटुंबातल्या लोकांना या बदलाचा फारसा त्रास झाला नाही, हे त्याच्याशी जुळतं. ईपीओचं इंजेक्शन घेऊन दोन महिन्यांत तिथे पोचू पाहणाऱ्या खेळाडूला ही सवय कुठून येणार? शिवाय तांबड्या पेशी जन्मजात जास्त असणं दर वेळी निरुपद्रवी असतं असंही नाही. रशियातल्या चुवाश लोकांमध्ये दुसऱ्या एका जनुकातल्या बदलामुळे रक्त असंच वाढतं, आणि त्यांच्यात गुठळ्या आणि अकाली मृत्यू यांचं प्रमाण जास्त आढळतं.

इथपर्यंत जनुकाची बाजू. आता जे जनुकाने समजत नाही ते.

१९६८ मध्ये ग्रेनोबलला १५ किलोमीटरच्या शर्यतीत तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी ग्रोनिंगेन पहिले आणि मँटिरांटा दुसरे, फरक दोन सेकंदांहून कमी. जनुक तेच, रक्त तेच. चार वर्षांपूर्वी ४० सेकंदांनी मागे पडलेला माणूस नेहमीसारखं रक्त घेऊन पुढे गेला. ३० किलोमीटरमध्ये इटलीचे फ्रांको नोनेस जिंकले आणि मँटिरांटा तिसरे आले. नॉर्डिक देश आणि सोव्हिएत संघ यांच्याबाहेरच्या कुणी ऑलिम्पिकमधली क्रॉस-कंट्री शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. फक्त ऑक्सिजनवर निकाल लागत असता तर ही दोन्ही पदकं आधीच ठरून गेली असती.

५० किलोमीटरचंही तसंच. सर्वांत लांब शर्यतीत ऑक्सिजनचा फायदा सर्वांत जास्त दिसेल, असं आपल्याला वाटेल. पण सातही ऑलिम्पिक पदकांमध्ये ५० किलोमीटरचं एकही नाही. सीफेल्डला ती शर्यत जिंकली स्वीडनच्या सिक्स्टन येर्नबर्ग यांनी, पस्तिशीला टेकलेले असताना. दोन-अडीच तासांच्या शर्यतीत साठवलेलं इंधन किती पुरतं, एका ढकलीत किती ऊर्जा खर्च होते, वेग कुठे राखायचा आणि कुठे वाढवायचा, स्कीला लावलेलं मेण बर्फाला मानवतं का, अशा पन्नास गोष्टी मध्ये येतात.

आणि मग ते २९ जण. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत बोलका आकडा हाच. त्या सगळ्यांकडे तोच तुटका रिसेप्टर होता, पण त्यांतले मोठ्या स्पर्धांपर्यंत पोचलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नात्यातले पेर्टी तेउरायार्वी १९७६ मध्ये रिलेचं सुवर्ण जिंकलेल्या फिनलंडच्या संघात होते, म्हणजे स्कीइंगची परंपरा घरात पक्की होती. तरीही बहुतेकांनी हा बदल बाळगून साधं, निरोगी आयुष्य काढलं. कुणाच्या शरीराची कमाल मर्यादा किती वर आहे एवढंच जनुकाने ठरवलं. त्या मर्यादेपर्यंत चढायचं की नाही, चढायला सवड, बर्फ, प्रशिक्षक, जिद्द मिळणार की नाही, हे दुसऱ्याच गोष्टींनी ठरलं. मँटिरांटा यांना यातलं जवळजवळ सगळं मिळालं होतं, आणि त्यावर त्यांनी वर्षानुवर्षं कष्ट घेतले होते. ते कष्ट रक्ताच्या नावावर खपवणं मला अन्यायाचं वाटतं.

या प्रकरणाचा आणखी एक दुरुपयोग होतो. ‘एक जनुक आणि ऑलिम्पिक विजेता’ हे इतकं आकर्षक दिसतं की लोक आपल्या मुलांमध्ये असं एखादं जनुक शोधू लागतात. पण मँटिरांटा हा अपवाद आहे. खेळातली आनुवंशिकता बहुतेक वेळा शेकडो जनुकांत वाटलेली असते आणि प्रत्येकाचा वाटा इवलासा. १९९९ च्या ‘हेरिटेज’ अभ्यासात बैठं आयुष्य असलेल्या ९८ कुटुंबांतल्या ४८१ जणांकडून २० आठवडे एकसारखा व्यायाम करून घेतला. ऑक्सिजन वापरण्याची क्षमता मिनिटाला सरासरी ४०० मिलीलिटरने वाढली. पण काही जणांत जवळजवळ काहीच वाढ नाही आणि काहींत एक लिटरहून जास्त. एकाच घरातली माणसं एकमेकांसारखी वागत होती. व्यायामाला शरीर किती दाद देतं यातला जवळजवळ निम्मा फरक कुटुंबातून येतो, असा तो निष्कर्ष होता. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण तो एका अक्षरात सापडत नाही. वेगाशी जोडल्या गेलेल्या एसीटीएन-३ या जनुकाचंच पाहा. जलद आकसणाऱ्या स्नायुतंतूंमधलं एक प्रथिन त्यातून बनतं, आणि जगातल्या शंभर कोटींहून अधिक लोकांमध्ये ते अजिबात बनत नाही. कमी अंतराच्या अव्वल धावपटूंमध्ये अशी माणसं क्वचित दिसतात, हे खरं. तरीही वेगातल्या फरकाचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग त्याने उलगडतो. मुलाचा वेग बघायचा असेल तर त्याला पळवून बघणं कितीतरी भरवशाचं. २०१५ मध्ये क्रीडावैद्यक आणि आनुवंशिकी यांतल्या तज्ज्ञांनी एकत्रित निवेदन काढून स्पष्ट सांगितलं की गुणी मुलं निवडण्यासाठी किंवा त्यांचा सराव ठरवण्यासाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या जनुक-चाचण्यांना काहीही स्थान नाही. मुलाच्या हातून खेळ काढून घेणारा किंवा त्याच्यावर लादणारा अहवाल हातात धरून पालक बसतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

राहतो न्यायाचा प्रश्न. मँटिरांटा यांच्याबरोबर शर्यतीत उतरलेल्यांना समान संधी मिळाली का? माझं उत्तर: नाही, पण कुणालाच कधी मिळत नाही. उंची, हृदयाचा आकार, स्नायुतंतूंची जात, व्यायामाला दाद देणारं शरीर, हे सगळं जन्माने येतं आणि आपण त्याला प्रतिभा म्हणतो. बाहेरून मिळवलेल्या फायद्यावर बंदी आणि जन्मजात फायद्याला मोकळीक, ही सीमारेषा निसरडी आहे. तरी त्याहून चांगली अजून सापडलेली नाही. ती सगळीकडे सारखी पाळली जात नाही, हे मात्र खटकतं. नैसर्गिक हिमोग्लोबिन जास्त असलेल्या खेळाडूला वैद्यकीय पुराव्यावर सवलत देण्याची सोय झाली, पण ॲथलेटिक्समध्ये नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्या काही स्त्रियांना ते औषधांनी खाली आणायला सांगितलं गेलं. स्त्रियांचा वेगळा गट राखण्यासाठी हे लागतं, असं त्यामागचं कारण दिलं जातं, आणि ते कारण फेटाळून लावण्याइतकं पोकळ नाही. पण ज्या व्यक्तीला शरीर निरोगी असतानाही गोळ्या घ्यायला सांगितल्या गेल्या, तिच्या बाजूने पाहिलं तर दोन न्याय दिसतात.

आज असा स्कीपटू आला तर? कृत्रिम ईपीओ १९८० च्या दशकाअखेर औषध म्हणून आलं आणि लगोलग खेळात शिरलं. ते ओळखणारी खात्रीची चाचणी नव्हती, म्हणून १९९७ च्या सुमारास सरळ मर्यादा घालण्यात आल्या: सायकलिंगमध्ये पेशींचा वाटा ५० टक्के, स्कीइंगमध्ये पुरुषांसाठी हिमोग्लोबिन १८.५ ग्रॅम, जी पुढे १७ वर आणली. मँटिरांटा यांना त्या नियमाखाली सुरुवातीच्या रेषेवरूनच परत पाठवलं असतं, जन्मजात कारण सिद्ध करणारा पुरावा सोबत नसता तर. २००९ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने खेळाडूचा जैविक पासपोर्ट आणला. त्यात तुमची तुलना सर्वसाधारण माणसाशी न होता तुमच्याच आधीच्या नोंदींशी होते. इंजेक्शन घेणाऱ्याचं हिमोग्लोबिन चढतं, औषध थांबलं की कोवळ्या तांबड्या पेशी एकदम कमी होतात, मग सगळं पुन्हा उतरतं. तुटक्या रिसेप्टरवाल्याचा आलेख वर असतो, पण वर्षानुवर्षं तिथेच असतो, आणि त्याच्यासोबत रक्तातलं ईपीओ कमी आणि जनुकात टीजीएची नोंद. १९६४ मध्ये यांतलं काहीच हाताशी नव्हतं. संशय घेणाऱ्यांकडे फक्त एक आकडा होता आणि मँटिरांटा यांच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. ते उत्तर त्यांना पन्नाशी ओलांडल्यावर मिळालं, स्पर्धा सोडून बरीच वर्षं झाल्यावर. २०१३ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.